वीज नसतानाची स्थिती

चार वर्षं आमच्या प्रोग्रॅमच्या कागदपत्रांत एक खोटी ओळ होती आणि ती मीच लिहिली होती. ओळ अशी: ‘सी एक्स्टेन्शन्स – बंद (डिफॉल्ट)’.

कंसातला तो ‘डिफॉल्ट’ आज वाचला की कानशिलं तापतात. बंद म्हणजे कुठे बंद, कोणी केलं, आणि डिफॉल्ट ते कोणाचं? यातलं काहीच तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. फाईल उघडली, तिच्यात ‘ऑफ’ दिसलं, पानावर ‘बंद’ लिहिलं आणि चहाला गेले.

आमची कंपनी नाशिकच्या अंबडला, औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडच्या वरच्या मजल्यावर. खाली पावडर कोटिंगचं काम चालतं, त्यामुळे वर बाराही महिने भाजल्यासारखा वास. आम्ही द्राक्षबागांसाठी ठिबकचे कंट्रोलर बनवतो. पेटीत एक छोटा प्रोसेसर. एका बाजूने पाण्याच्या मीटरचे पल्स आत येतात, दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्ह आणि खताचा पंप. दिंडोरी, पिंपळगाव, निफाड या पट्ट्यात शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. शेतकऱ्याने रात्री दोनला बॅटरी घेऊन बागेत जायचं नाही, एवढ्यासाठी आमची पेटी. आत चालणारा प्रोग्रॅम सी भाषेत आहे आणि तो बांधायचं काम सीमेक नावाची बिल्ड सिस्टिम करते.

बिल्ड सिस्टिम म्हणजे मुकादम. स्वतः कुदळ मारत नाही. कोणती फाईल आधी, कोणती नंतर, कोणत्या कंपायलरकडे (कोडचं मशीनला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमकडे) द्यायची आणि देताना कोणत्या सूचना चिकटवायच्या हे तो ठरवतो. या सूचनांना आम्ही फ्लॅग म्हणतो. मुकादमाला काय सांगितलंय हे सीमेकच्या फाईलमध्ये असतं. मुकादमाने कंपायलरला प्रत्यक्षात काय सांगितलं, हे मात्र बिल्ड चालताना स्क्रीनवरून झरझर जाणाऱ्या ओळींत असतं. मी पहिलं वाचलं होतं. दुसरं वाचायचं असतं हे मला चार वर्षांनी कळलं.

एक्स्टेन्शन्स म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं रुसवे-फुगवे वाटेल.

सी भाषेचं एक प्रमाण रूप आहे, आयएसओने छापलेलं. १९९०, १९९९, २०११, २०१८ आणि आता २०२४ अशा त्याच्या आवृत्त्या निघाल्या. आणि एक बोली आहे, जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या घरची. प्रमाण भाषेत नसलेल्या पण सोयीच्या अशा बऱ्याच गोष्टी या बोलीत चालतात. त्याच एक्स्टेन्शन्स. ‘केस १ ते ५’ असं एका ओळीत लिहिता येतं. एखाद्या व्हेरिएबलचा प्रकार विचारणारा ‘टाइपऑफ’ हा शब्द कित्येक वर्षं बोलीतच होता. २०२४च्या आवृत्तीत तो प्रमाण सीमध्ये आला. जीसीसी या कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये या सगळ्या पर्यायांच्या प्रकरणाच्या नावातच ‘डायलेक्ट’ हा शब्द आहे. मी उगाच उपमा देत नाहीये, ते लोक स्वतःच बोली म्हणतात.

माझी आजी सटाण्याकडची. घरात ‘काय करी ऱ्हायना?’ आणि पोस्टकार्डावर मात्र ‘आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे.’ पत्र माझे वडील, अण्णा, लिहायचे, आजी अहिराणीत सांगायची. मधला अनुवाद अण्णांच्या डोक्यात व्हायचा, तो कोणी पाहिला नाही.

तर, जीसीसीला काहीच सांगितलं नाही तर ती बोलीत बोलते. पण कोणत्या सालची बोली? जीसीसी ५ येईपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, ‘काहीच न सांगणं’ म्हणजे जीएनयू९०, १९९०च्या सीची बोली. मग ते झालं जीएनयू११. २०१८ साली जीसीसी ८ बरोबर जीएनयू१७ आलं (२०१८च्या आवृत्तीला सी१७ म्हणतात, २०२४च्या आवृत्तीला सी२३). २०२५ साली जीसीसी १५ आली आणि तेच गप्प बसणं जीएनयू२३ झालं. दहा वर्षांत तीन वेळा. आपण तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही आणि आपण काय म्हणालो ते मात्र बदलत गेलं! याउलट लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तेही बोलीतच लिहिलेलं आहे, तेही भरपूर. पण कोणती बोली ते तिथे बिल्डच्या फाईलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. २०२२ साली ५.१८ मध्ये त्यांनी जीएनयू८९ (जीएनयू९०चंच दुसरं नाव) सोडून जीएनयू११ धरलं, तेव्हा ते सगळ्यांना दिसलं.

बोली आणि प्रमाण यांतला फरक नवशिक्याला दाखवायचा तर मी एक गंमत करते. लिनक्सच्या मशीनवर व्हेरिएबलचं नाव ‘लिनक्स’ ठेवायचं, सगळी अक्षरं लहान. प्रमाण सी११ मध्ये मुकाट चालतं. जीएनयू११ मध्ये कंपायलर ओरडतो की आकड्याच्या जागी नाव हवं होतं. कारण बोलीत ‘लिनक्स’ या शब्दाची किंमत आधीच १ ठरलेली असते, आणि आपलं नाव कंपायलरपर्यंत पोचायच्या आत त्याचा १ झालेला असतो. पोरं हसतात. मग एकजण हमखास विचारतो, ‘मॅडम, पण आपलं कोणतं चालू आहे?’

हा प्रश्न गेल्या सप्टेंबरात खरोखरच विचारला गेला, आणि तेव्हा कोणी हसत नव्हतं.

गोडी छाटणी तोंडावर आलेली. आमच्या धंद्यात हीच लग्नसराई. छाटणीच्या आत पेट्या बागेत लागल्या पाहिजेत. कंपनीत नुकत्याच आलेल्या एका मुलाला नवा लॅपटॉप मिळाला, त्यावर नवं सीमेक. आमच्या फाईलच्या पहिल्या ओळीत ‘किमान आवृत्ती ३.५’ असं लिहिलेलं. नव्या सीमेकला तिथे ३.१० च्या (म्हणजे ३.९ नंतरच्या आवृत्तीच्या) आधीचा आकडा दिसला की ते कुरकुरतं, हे फार दिवस चालवून घेणार नाही म्हणतं. पोरगं शहाणं. पिवळी वॉर्निंग त्याच्या डोळ्यांना खुपली आणि त्याने ३.५ चं ३.२२ केलं. एका ओळीतला एक आकडा. रिव्ह्यूमध्ये मीच ‘चालेल’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बिल्ड फुटला. दोन ठिकाणी. पाइपच्या छेदाचं क्षेत्रफळ काढताना आम्ही पायची (π) तयार किंमत वापरतो. कंपायलर म्हणाला, असलं काही मला माहीत नाही. आणि प्रोसेसरला झोपवणारी अॅसेंब्लीची एक ओळ होती, ती त्याला एकाएकी परकी झाली. दोन्ही दुरुस्त्या मिळून दहा मिनिटांच्या. पायची किंमत आम्हीच लिहिली, अॅसेंब्लीच्या शब्दाला पुढेमागे दोन-दोन अधोरेषा जोडल्या. बिल्ड हिरवा. ‘टूलचेन अपडेटची किरकोळ कटकट’ अशी नोंद करून आम्ही मोकळे झालो. चुका ओरडून सांगणारा कंपायलर फार चांगला. भीती वाटावी ती त्याच्या गप्प बसण्याची.

कारण मग चाचणी पडली. खताच्या हिशोबाची एक जुनी चाचणी आहे: एका बागेतली आठ तासांची खरी नोंद प्रोग्रॅमला द्यायची आणि एकूण लिटर किती निघाले ते साठवलेल्या उत्तराशी ताडून बघायचं. शेवटच्या अंकापर्यंत जुळलं पाहिजे, असं ती लिहिणाऱ्याने ठरवलेलं. (असं ठरवू नये, हे मला माहीत आहे. ती चाचणी लिहिणारीही मीच.) शेवटचे दोन अंक बदललेले. बागेत त्याने चमचाभर पाण्याचाही फरक पडला नसता. पण ज्या प्रोग्रॅमला आपण हातच लावला नाही त्याचं उत्तर बदलावं, ही गोष्ट झोपू देत नाही.

तीन दिवस गेले. मीटरचा कोड पाहिला, मेमरी पाहिली, चौथ्यांदा तोच कोड पाहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कंटाळून जुन्या रिलीजच्या बिल्डचा लॉग आणि आजचा लॉग शेजारी शेजारी लावले. एकाच फाईलची कंपायलरला दिलेली ओळ. दोन्ही इतक्या लांब की स्क्रीनवर चार-चार ओळींत मावत होत्या. बोट ठेवून वाचत गेले. प्रोसेसरचं नाव तेच, ऑप्टिमायझेशन तेच, पाथ तेच. नव्या ओळीत एक शब्द जास्त होता: स्टँडर्ड, सी१७. जुन्या ओळीत स्टँडर्डचा उल्लेखच नव्हता.

म्हणजे चार वर्षं आमचा कोड कंपायलरच्या मर्जीने जीएनयू१७ मध्ये, ठार बोलीत, बांधला जात होता. आणि माझं पान सांगत होतं, एक्स्टेन्शन्स बंद.

शेवटचे दोन अंक का बदलले त्याचंही कोडं मग सुटलं. आमच्या प्रोसेसरला ‘गुणाकार करून बेरीज’ एका दमात करता येते. एका दमात केली तर उत्तराचे शेवटचे अंक एकदाच छाटून जवळच्या आकड्यावर बसवले जातात, सुटी केली तर दोनदा. किराणावाला प्रत्येक जिन्नसाचे पैसे पूर्ण रुपयावर नेतो की शेवटी एकदाच, त्याने जसा बिलात फरक पडतो तसं. सी कोड बोलीत असेल तर जीसीसी न विचारता ही जोडणी करते. प्रमाण सीचा आग्रह धरला की ती जोडणी बंद ठेवते. एक्स्टेन्शन्स म्हणजे नुसते चार जादा शब्द, अशी माझी समजूत होती. बोली बदलली की हिशोबही बदलतो, हे मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलेलं आहे. ऑप्टिमायझेशनच्या प्रकरणात, डायलेक्टच्या प्रकरणापासून चांगलं लांब.

आता मुकादमाने असं का केलं?

‘एक्स्टेन्शन्स’ या एका शब्दामागे उतरंड आहे. टार्गेटवर, म्हणजे आपण बांधत असलेल्या लायब्ररीवर, स्पष्ट लिहिलं असेल तर ते खरं. नसेल तर लायब्ररी जन्माला येते त्या क्षणी प्रकल्पाच्या व्हेरिएबलमध्ये जे असेल ते तिला चिकटतं. त्या क्षणीच. बारसं झाल्यावर पाटीवरचं नाव बदललं तरी पोराचं बदलत नाही. तीच ओळ दहा ओळी खाली लिहिली तर तिचा काही उपयोग नाही. व्हेरिएबलही नसेल तर उत्तर सीमेक स्वतः देतं. २०१४च्या अखेरीस ३.१ मध्ये ही सोय आली तेव्हापासून ते उत्तर ठरलेलं होतं: ऑन. कंपायलर कोणता का असेना.

इथपर्यंत सरळ आहे. गाठ पुढे आहे. स्टँडर्ड कोणतं ते तुम्ही सांगितलंच नसेल, तर जुनं सीमेक एक्स्टेन्शन्सबद्दलही कंपायलरला काहीच कळवायचं नाही. तुम्ही ‘ऑफ’ लिहा नाहीतर ‘ऑन’ लिहा. स्टँडर्डची चिठ्ठी निघाली तरच तिच्यावर ‘जीएनयू’ लिहायचं की नुसतं ‘सी’, हा प्रश्न उठायचा. चिठ्ठीच नाही तर प्रश्नच नाही. आमच्या लायब्ररीच्या फाईलमध्ये कोणीतरी कधीकाळी मोठ्या हौसेने ‘ऑफ’ लिहिलं होतं, आणि स्टँडर्ड लिहायचं राहून गेलं होतं. ते ‘ऑफ’ चार वर्षं भिंतीवरच्या देखाव्यासारखं लटकत होतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सीमेक ३.२२ आलं, त्याच्याबरोबर सीएमपी०१२८ नावाचं धोरण. त्याने तीन गोष्टी बदलल्या. कोणीच काही सांगितलं नसेल तर आता आपलं ‘ऑन’ न रेटता कंपायलरलाच विचारायचं, बाबा, तुझी सवय काय. (विचारायची रीत गमतीची आहे. सुरुवातीलाच एक छोटी फाईल कंपाईल करायची आणि जीसीसीच्या जातीचा कंपायलर असेल तर ‘स्ट्रिक्ट अँसी’ नावाची खूण उमटली का ते बघायचं. नाही उमटली म्हणजे बोली चालू.) दुसरं, ‘ऑफ’ लिहिलं असेल तर स्टँडर्ड सांगितलं असो-नसो, ते खरंच बंद करायचं. आणि तिसरं, कंपायलर आधीच हवं तसं वागत असेल तर उगाच चिठ्ठी काढायची नाही.

यातलं कोणतं वळण लागू होणार हे लॅपटॉपवर कोणतं सीमेक आहे त्यावर ठरत नाही. फाईलच्या पहिल्या ओळीत किमान आवृत्ती कोणती लिहिली त्यावर ठरतं. तिथे ३.५ असेल तोवर नवं सीमेकही जुन्या काळासारखंच वागतं, घरातल्या म्हाताऱ्यांसमोर सून वागते तसं. पोराने ३.२२ केलं आणि भिंतीवरचा देखावा जिवंत झाला. त्याची चूक एका पैशाची नव्हती. फाईलमध्ये लिहिलेलं त्या दिवशी पहिल्यांदा खरं झालं होतं. माझं पानही.

हा प्रकार घरी सांगितला तेव्हा बाहेर पाऊस होता आणि टीव्हीवर गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते चाललं होतं. आम्ही सिडकोत राहतो, गंगा तशी लांब. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) तरी क्युसेकचा आकडा ऐकून अण्णांचा पहिला प्रश्न, ‘मारुतीला कुठवर लागलंय?’

बाहेरच्या वाचकांसाठी: रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पूर किती आला हे नाशिकमध्ये त्या मारुतीवरून मोजतात. पाय बुडाले, गुडघे बुडाले, कमरेला लागलं, छातीला लागलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, हा धरणाचा आकडा. धरणाने काय सोडलं ते तो सांगतो. मधे शहरभराचे नाले आहेत, वाटेतला पाऊस आहे. सराफ बाजारातला दुकानदार माल वर चढवायचा की नाही हे मारुती बघून ठरवतो. धरणाचा आकडा खोटा असतो असं कोणी म्हणत नाही. तो फक्त वरचा असतो.

‘म्हणजे तू क्युसेक लिहिलंस,’ अण्णा म्हणाले. ‘मारुती नाही बघितलास.’

दुसऱ्या दिवशी मी हे ऑफिसात सांगितलं आणि आता आमच्याकडे तो वाक्प्रचारच झालाय. फाईलवरून कोणी काही ठामपणे बोललं की कोपऱ्यातून आवाज येतो, ‘मारुती बघितला का?’ म्हणजे कंपायलरला गेलेली खरी ओळ. सीमेकला सांगितलं तर ते प्रत्येक फाईलची ओळ एका जेसन फाईलमध्ये लिहूनही देतं. शोधायला कठीण असं काहीच नाही, सवयीचा प्रश्न आहे.

पण मारुतीही पुरत नाही, हे पान पुन्हा लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं. त्या तिसऱ्या बदलामुळे. कंपायलर आधीच जीएनयू१७ बोलत असेल आणि आपण फाईलमध्ये स्टँडर्ड १७, एक्स्टेन्शन्स ऑन असं स्वच्छ लिहिलं असेल, तर नव्या वळणाने ओळीत काहीच उमटत नाही. कारण गरजच नाही. आता ओळ बघणाऱ्याला कसं कळावं की हे काहीच नसणं विचारपूर्वक आहे, की विसरल्यामुळे आहे? जुन्या, चुकीच्या बिल्डच्या ओळीतही काहीच नव्हतं! दोन्ही रिकाम्या जागा दिसायला सख्ख्या बहिणी.

मेसन नावाची दुसरी बिल्ड सिस्टिम आहे, तिथे ‘सी११’ की ‘जीएनयू११’ हे एकाच नावात अख्खं लिहावं लागतं. स्टँडर्ड आणि बोली वेगवेगळ्या खणांत ठेवलेले नाहीत. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. सीमेकवाल्या मित्रांना पटत नाही; ते म्हणतात, कंपायलर बदलला की तुझं जीएनयू कुठे जाईल? बरोबर आहे. पण चार वर्षांचा देखावा माझ्या भिंतीवर होता, त्यांच्या नव्हे.

रविवारी अण्णांनी माळ्यावरून ट्रंक काढायला लावली. ते सातपूरच्या एका कारखान्यात पॅनल वायरिंगला होते. कामावर असताना दहा जणांची गँग त्यांच्या हाताखाली. ट्रंकेत जुन्या अमोनिया प्रिंटच्या गुंडाळ्या, निळसर जांभळ्या, घडीवर फाटलेल्या. एक त्यांनी जमिनीवर पसरली, कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मोटर स्टार्टरचं कंट्रोल सर्किट. कॉन्टॅक्टर, टायमर, ओव्हरलोड रिले, आणि दोन समांतर रेघांचे कॉन्टॅक्ट. काही मोकळे, काहींवर तिरपी काट.

‘हा काय?’ त्यांनी तिरप्या रेघेवर बोट ठेवलं.

‘एनसी. नॉर्मली क्लोज्ड.’ एवढं मला येतं, आमच्या पेटीतही आहेत.

‘नॉर्मली म्हणजे कधी?’

मी गप्प. नेहमी असं म्हणणार होते, पण हा स्टार्टर तर दिवसाचे सोळा तास चालू असणार, आणि तितका वेळ हा कॉन्टॅक्ट उघडाच असणार. नेहमी तर तो उघडा.

अण्णांनी उजव्या कोपऱ्यातल्या टीपांकडे बोट नेलं. बारीक इंग्रजी, स्टेन्सिलने काढलेली अक्षरं. एक क्रमांकाचीच टीप होती: सर्व कॉन्टॅक्ट वीजपुरवठा नसतानाच्या स्थितीत दाखवले आहेत.

‘ही टीप असल्याशिवाय ड्रॉइंग वाचायचंच नाही,’ ते म्हणाले. ‘नॉर्मल म्हणजे काय ते आधी ठरतं. कोणी हात लावलेला नाही, कॉईलला करंट नाही, कपाटात पडून आहे, तेव्हा कसा असेल तो नॉर्मल. आणि तुम्ही लोक लिहिता डिफॉल्ट. कशाचा डिफॉल्ट? कॉईलचा, पॅनलचा, का सबस्टेशनचा?’

मी म्हटलं, ‘अण्णा, आमच्याकडे त्यापुढे आणखी एक आहे. रिले बनवणारी कंपनी दर काही वर्षांनी नॉर्मल काय ते बदलते.’

‘मग टीपेत रिलेचा मॉडेल नंबर टाका,’ ते सहज म्हणाले, आणि आईला हाक मारून त्या वाट्या परत घेऊन जायला सांगितलं. वाट्यांच्या बुडांचे चार गोल ड्रॉइंगवर उमटले होते आणि ते त्यांना खपलं नव्हतं.

एवढी साधी गोष्ट. डिफॉल्ट हा शब्द लिहिताना मी तो किमतीसारखा लिहीत होते: बंद, चालू, १७. त्यांच्या हिशोबात ती स्थिती होती. कोणी काय काढून घेतलं की मागे काय उरतं, ते. आमच्या व्हॉल्व्हचंच बघा. शेतकऱ्याला सांगताना आम्ही ‘डिफॉल्ट बंद’ असं कधी म्हणत नाही. लाईट गेली तर व्हॉल्व्ह बंद होतो, वायर तुटली तरी बंद होतो, असं सांगतो, आणि त्याला ते एका झटक्यात कळतं. पेटीच्या माहितीपत्रकात गेली सहा वर्षं तसंच छापलेलं आहे. तेही मीच लिहिलंय.

मग पान नव्याने लिहिलं. डिफॉल्ट हा रकाना काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘कोणीच काही न सांगितल्यास’ असा रकाना केला, त्याच्या शेजारी ‘तेव्हा कोण ठरवतं’. एक्स्टेन्शन्सच्या ओळीत आता असं आहे: किमान आवृत्ती ३.२२ च्या खाली असेल तर सीमेक ‘ऑन’ धरतं, पण स्टँडर्ड सांगितलं नसेल तर कंपायलरला काहीच कळवत नाही, ३.२२ किंवा वर असेल तर कंपायलरची स्वतःची सवय. आमच्या सध्याच्या कंपायलरची सवय बोलीची, सालाने १७. खाली कंपायलरचं नाव, आवृत्ती आणि ज्या दिवशी मी स्वतः ओळ वाचून खात्री केली ती तारीख. हे पान वाचायला आधीच्यापेक्षा कंटाळवाणं आहे, कबूल. रिव्ह्यूमध्ये एकाने विचारलंही, ‘एवढं कशाला? सीमेकच्या डॉक्युमेंटेशनला लिंक दे ना.’ लिंक देता येते. पण तिथे सीमेकला विचारल्यास काय ते असतं. आमच्या फाईलने त्याला काय विचारलं, ते तिथे कुठून असणार?

आणि ‘ऑफ’ चं काय केलं? काढलं. स्टँडर्ड १७ लिहिलं, ते मिळालंच पाहिजे ही अट घातली (ती नसेल तर सीमेक जुन्या कंपायलरबरोबर मुकाट खालच्या आवृत्तीवर उतरतं, हीसुद्धा एक न सांगितलेली गोष्ट), आणि एक्स्टेन्शन्सपुढे स्पष्ट ‘ऑन’. आमचा कोड बोलीत लिहिलाय, बोलीत वाढलाय. कागदोपत्री प्रमाण भाषेचं सोंग कशाला. नव्या मुलाला हे पटलं नाही. त्याच्या मते शुद्ध सी११ वर जायला हवं, कोड कुठेही चालेल. त्याचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त छाटणीच्या आधी नाही. जानेवारीत बघू म्हटलंय. चाचणीतलं ‘शेवटच्या अंकापर्यंत’ मात्र मी त्याच दिवशी सैल केलं.

पान जवळजवळ पूर्ण झालं तेव्हा तक्त्यात तीन खाने रिकामे राहिले होते. मीटर बनवणाऱ्याकडून तयार आलेली एक छोटी लायब्ररी आहे, आमच्याकडे तिची फक्त बांधलेली फाईल. ती कोणत्या बोलीत बांधली हे कुठेच लिहिलेलं नाही. विचारलं तर उत्तर आलं, ‘डिफॉल्ट सेटिंग.’ मला हसू आलं, दुसरं काय करणार.

संध्याकाळी तो तक्ता अण्णांना मोबाइलवर दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ पाहिला. वरचं काही कळलं असेल असं वाटत नाही, पण नजर रिकाम्या खान्यांवर थांबली.

‘इथे काही जोडायचं राहिलंय का?’

‘नाही. माहीतच नाही तिथे काय आहे ते.’

‘मग लिहून टाक तसं. टर्मिनलला वायर नसली की आम्ही त्याच्यावर स्पेअर लिहायचो. रिकामं टर्मिनल दिसलं की रात्रपाळीवाला त्यात काहीतरी घुसवतो.’

सोमवारी मी तिन्ही खान्यांत ‘विचारलं, कळलं नाही’ असं लिहिलं, पुढे तारीख टाकली आणि पान चढवलं. दुपारपर्यंत नव्या मुलाची खाली टिप्पणी आली होती: बांधलेल्या फाईलमधून कंपायलरचं नाव आणि आवृत्ती तरी वाचता येईल, करून बघू का?